शहरातल्या वनस्पती उद्यानात एक तुकडा माळ राखता येईल का?

ऋचा_मॅडिसन

मी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसनला राहते. इथल्या विद्यापीठाच्या आर्बोरेटममध्ये, म्हणजे वृक्ष-वनस्पती उद्यानात, कर्टिस प्रेअरी नावाचं ६०-७० एकरांचं गवताळ रान आहे. पाहणाऱ्याला वाटतं की हे इथे मुळापासूनच असणार. पण ही नांगरलेली, घोडे चारलेली शेतजमीन होती. १९३४ साली आर्बोरेटमच्या उद्घाटनाला निसर्गसंवर्धक आल्डो लिओपोल्ड यांनी सांगितलं होतं की युरोपातून लोक येऊन वसले तेव्हा हा मुलूख कसा होता, त्याचा एक नमुना इथे उभा करायचा आहे. मग महामंदीच्या काळात सरकारी छावणीत काम करणाऱ्या बेकार तरुणांनी आसपासच्या शिल्लक गवताळ तुकड्यांमधून बिया आणि मुळांसकट गड्डे आणून इथे लावले. मुद्दाम पुन्हा वसवलेली ही जगातली सर्वांत जुनी प्रेअरी मानतात.

ऑगस्टमध्ये इथलं बिग ब्लूस्टेम गवत माझ्या डोक्यावरून जातं. कंपास प्लांट नावाची पिवळ्या फुलांची उंच वनस्पती आहे, तिची पानं उत्तर-दक्षिण धरून उभी राहतात. रस्टी पॅच्ड बम्बलबी ही मधमाशी २०१७ साली अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या यादीत गेली. तीही या आर्बोरेटममध्ये दिसते. एका बाजूला भरधाव महामार्ग, तिन्ही बाजूंना शहर, आणि मध्ये हे.

माझं माहेर पुण्याचं. दर खेपेला तिथल्या उद्यानांमधून फिरते. पाट्या लावलेली जुनी झाडं असतात, हंगामी फुलांचे वाफे असतात आणि उरलेल्या जागेत लॉन. पुण्यापासून थोडं पूर्वेला गेलं की सुपे, दौंड, इंदापूर हा सगळा गवताळ टापू. लांडगा, चिंकारा आणि एके काळी माळढोक यांचा हा प्रदेश. पण त्या माळाचा अर्धा एकर नमुनाही मला शहरातल्या उद्यानात कुठे दिसला नाही. आफ्रिकेतला गोरखचिंच पाटीसकट दिसतो, आणि कुसळी किंवा पवन्या ही आपली गवतं ओळखणारं मूल सापडत नाही.

माझं म्हणणं असं की वनस्पती उद्यान म्हणवणाऱ्या प्रत्येक जागेने लॉनचा एक तुकडा स्थानिक गवतांना आणि पावसाळी फुलांना द्यावा. हे आपल्याकडे जमेल का? कोणी केलं आहे का? कुठे अडेल? सविस्तर लिहा, मला खरंच यावर काम करायचं आहे.

निमिष

छान धागा. कुसळी लावली तर सेल्फीसाठी आत घुसणारे पायमोजे वेचत बाहेर येतील. कुंपणाचा खर्च वाचला.

सुलभा_के

ऋचा, मी वनस्पतीशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे. तुमच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत, आणि जमेल असंही वाटतं. फक्त एक गोष्ट आधीच सांगते. आपल्याकडे बऱ्याच जणांना ‘कापणं थांबवलं की माळ तयार होतो’ असं वाटतं. कार्पेट लॉन कापायचं थांबवलं तर पहिल्या पावसाळ्यात तिथे गाजरगवत येईल आणि तुम्हाला सगळे हसतील. ते लॉन मुळापासून काढावं लागतं, आणि लॉनसाठी टाकलेली लाल माती आणि शेणखतही खरवडून काढावं लागतं. आपल्या माळावरच्या वनस्पती मुरमाड, उथळ, निकस जमिनीतल्या आहेत. जमीन जितकी सुपीक तितकी दांडगट जातींची चैन, आणि नाजूक फुलं मागे.

गाजरगवताची भारतातली पहिली नोंद पुण्यातच, १९५५च्या सुमाराची. म्हणजे आपल्या शहराची त्याच्याशी ओळख सर्वांत जुनी आहे! फुलोऱ्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून उपटणं हाच खात्रीचा उपाय. पहिले दोन-तीन पावसाळे हे काम चुकत नाही.

काय लावावं? गवतांमध्ये मारवेल, शेडा, पवन्या, थोडी कुसळी. मारवेल ठोंबांपासून सहज येतं. फुलांमध्ये कवला, तेरडा, कुर्डू, खुळखुळा, रानतीळ, कळलावी. पाऊस सुरू होताच येणारी कंदवर्गीय झाडंही हवीत, ती आपल्या माळांची खरी श्रीमंती. कंदीलपुष्पाच्या कितीतरी दुर्मीळ जाती कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात जतन केल्या आहेत, फार मोलाचं काम आहे ते. त्यांची निसर्गातली जागा डोंगरउतारावरच्या गवतात असते. त्या वेली गवताच्या काडीचा आधार घेत वर चढतात. कुंडीतलं कंदीलपुष्प जगतं, पण ते कोणाच्या सोबतीने जगतं हे विद्यार्थ्याला गवतातच कळेल.

वृक्षमित्र_आबा

थोडं विरोधात लिहितो, राग नसावा. आम्ही टेकडीवर पाणी वाहून झाडं जगवली आहेत. शहरात दर वर्षी झाडं पडतात, तोडली जातात, उन्हाळा वाढतो आहे. अशा वेळी उद्यानातली मोकळी जागा गवताला द्यायची? गवत सावली देत नाही. उन्हाळ्यात चार महिने ते वाळकं असतं. त्या जागी देशी झाडं लावा, पक्षी येतील, गारवा येईल. गवत कुठेही उगवतं, त्यासाठी वनस्पती उद्यान कशाला?

भटक्या_सुपेकर

आबा, तुमच्या कष्टांना नमस्कार. पण ‘गवत कुठेही उगवतं’ याला माझा ठाम नकार. मी सुप्याचा. आमच्या लहानपणी गावाला राखीव कुरण होतं. पावसाळाभर तिथे गुरं सोडायची नाहीत असा गावाचा दंडक. दसरा-दिवाळी झाली, गवताचं बी खाली पडलं की मगच विळे लागायचे. वैरण घरोघरी गंजीला जायची. त्या नियमामुळे गवताच्या चांगल्या जाती टिकल्या. नियम मोडला, बाराही महिने चराई सुरू झाली, आणि मारवेल, पवन्या जाऊन नुसती कुसळी आणि काटेरी झुडपं उरली. चांगलं गवत आपोआप येत नाही, ते राखावं लागतं.

दुसरी गोष्ट, सरकारी कागदावर आमचे माळ ‘पडीक’ म्हणून गेले. पडीक म्हटलं की कोणीतरी खड्डे खणून गिरीपुष्प लावतं, नाहीतर प्रकल्प येतो. आमच्या शेजारच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहे. तो उघड्या रानाचा प्राणी, दुरून धोका दिसला पाहिजे त्याला. इंदापूरकडे कडबनवाडीला लांडगा आणि चिंकारा अजून दिसतात ते तिथला माळ शिल्लक आहे म्हणून. शहरातल्या मुलांनी उद्यानात माळ पाहिला, त्याच्यावर पाटी वाचली, तर मोठेपणी ती सुप्याच्या माळाला पडीक म्हणणार नाहीत. मला या धाग्यात सर्वांत जास्त हेच महत्त्वाचं वाटतं.

ऋचा_मॅडिसन

सुपेकर, अगदी हेच मनात होतं, तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं लिहिलंत.

आबा, तुमचा प्रश्न रास्त आहे. मी झाडं काढून माळ करा असं म्हणत नाही. जिथे आत्ता लॉन आहे, ज्याला उन्हाळाभर पाणी लागतं आणि यंत्राने कापणी लागते, तिथलाच तुकडा मागते आहे. लॉनवर झाडाची सावली आत्ताही नाहीच. इलिनॉय हे आमचं शेजारचं राज्य स्वतःला प्रेअरीचं राज्य म्हणवतं, आणि तिथे मूळ प्रेअरी एक टक्क्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी उरली आहे. आता शिकागो बोटॅनिक गार्डनने १५ एकरांवर ती पुन्हा वसवली आहे. सगळं संपल्यावर उद्यानात नमुना उभा करणं, आणि पन्नास-साठ किलोमीटरवर अजून जिवंत माळ असताना उद्यानात नमुना उभा करणं, यात आपली बाजू खूप बरी आहे. बी जवळ आहे, जाणती माणसं जवळ आहेत.

शलाका

वाचते आहे. एक व्यावहारिक भीती. आमच्या सोसायटीशेजारी उंच गवत वाढलं की सगळे साप, डास म्हणून तक्रार करतात. उद्यानात लहान मुलं येतात. घोणस निघाली तर?

पाकोळी

शलाका, डास साचलेल्या पाण्यात वाढतात, गवताच्या पात्यावर नाही. डेंग्यूचा डास तर कुंड्यांच्या ताटल्या, टायर, पाण्याच्या टाक्या असल्या स्वच्छ पाण्यात. माळाला निचरा चांगला असला की तो प्रश्न उरत नाही. उलट गवतात चतुर, टाचण्या, कोळी भरपूर येतात, आणि ते डासच खातात.

सापाचं नाकारत नाही. घोणस गवतात असू शकते. साप उंदरांमागे येतो आणि उंदीर कचऱ्यामागे, तेव्हा खाऊच्या टपऱ्या आणि माळ यांच्यात अंतर हवं. पायवाट रुंद असावी, तिच्या दोन्ही बाजूंना हातभर पट्टा बुटका कापलेला असावा, आणि आत शिरायला मनाई. संध्याकाळनंतर बंद.

आता माझ्या आवडीचं. लोक फुलपाखरू उद्यान म्हणून घाणेरी आणि झेंडू लावतात. त्याने मध मिळतो, पण अळ्यांनी काय खायचं? कॉमन इव्हनिंग ब्राउनची अळी गवत खाते. छोटी तपकिरी ‘रिंग’ फुलपाखरं, कितीतरी स्किपर, सगळी गवतावर वाढतात. कॉमन ग्रास यलो टाकळ्यावर अंडी घालतं. डॅनेड एगफ्लायची मादी घोळीवर घालते, आपण जी घोळ भाजीला आणतो तीच. आणि ग्रास ज्युएल, भारतातल्या सर्वांत लहान फुलपाखरांपैकी एक, जमिनीलगतच्या शेंगवर्गीय तणांवर असतं. माळी ज्याला तण म्हणून खुरप्याने काढतो त्या प्रत्येकावर कोणीतरी वाढत असतं. खुळखुळ्यावर टायगर फुलपाखरं झुंबड करतात, त्यातली रसायनं नरांना लागतात.

पक्ष्यांचं म्हणाल तर एक एकरात धाविक किंवा माळढोक येणार नाही, असली आशा दाखवून कोणाकडे जागा मागू नये. मुनिया येतील, वटवट्या घरटं करील, जवळ पाणी आणि शिंदीचं झाड असेल तर सुगरण गवताच्या पात्यांच्या चिंध्या फाडून नेईल. एवढं पुष्कळ आहे.

हिरवळवाला

मी उद्यानांच्या देखभालीची कंत्राटं घेतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो. वरच्या सगळ्या चर्चेत एक माणूस सुटला आहे: ग्रास कटर चालवणारा.

आम्हाला काम मिळतं तेव्हा कागदावर ‘गवत काढणे’ असं कलम असतं आणि बिल चौरस मीटरवर निघतं. किती गवत कापलं त्यावर पैसे. ज्याने कापलं नाही त्याचं बिल निघत नाही. अशा कलमाखाली कोणीही फुलं राखणार नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही. एका ठिकाणी, नाव लिहीत नाही, हौसेने पावसाळी फुलांचा कोपरा केला होता. मुलांनी पाट्या रंगवल्या होत्या. श्रावणात कवला ऐन बहरात असताना कोणा पाहुण्याची भेट ठरली, वरून फोन आला, आणि एका सकाळी सगळं सपाट झालं. कापणाऱ्या पोराला विचारलं तर म्हणाला, मला कोणी सांगितलंच नाही की हे ठेवायचं आहे.

तेव्हा पहिली गोष्ट लेखी. कोणता तुकडा, कोणत्या महिन्यात हात लावायचा नाही, कधी कापायचा, कापलेलं कुठे जाणार. आणि त्याचे पैसे ‘राखण’ म्हणून मिळाले पाहिजेत. दुसरी गोष्ट, माळ्यांना आधी नेऊन खरा माळ दाखवा. आमचे बरेचसे माळी सोलापूर, उस्मानाबाद, बीडकडचे आहेत. त्यांना ही गवतं आपल्यापेक्षा जास्त कळतात, त्यांना कोणी विचारत नाही एवढंच.

सुलभा_के

हिरवळवाला, शेवटच्या वाक्याला शंभर वेळा अनुमोदन. माझ्या विद्यार्थ्यांना गवतं शिकवताना मला सर्वांत जास्त मदत कॉलेजच्या माळीकाकांची झाली आहे.

केंब्रिजजवळ

इंग्लंडमधून. ऋचांनी प्रेअरीचं सांगितलं, मी इकडचं सांगतो. इथे १९३०च्या दशकापासून फुलांची कुरणं सुमारे ९७ टक्के नष्ट झाली. त्यामुळे लोकांना आता त्याचं महत्त्व पटलं आहे, पण उशिरा.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलमागे १७७२ पासूनचं लॉन होतं, चित्रात दाखवतात तसं. २०१९ साली त्याचा एक भाग फुलांच्या कुरणासाठी पेरला. वनस्पती उद्यान नव्हे ते, पण मोजमाप नीट केलं म्हणून सांगतो. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पेरल्या होत्या ३३ जाती, सापडल्या ८४. उरलेल्या आपोआप आल्या. वनस्पती, कोळी आणि ढेकूणवर्गीय कीटक मिळून लॉनच्या तिपटीहून जास्त जाती, कीटक आणि कोळ्यांचं एकूण वजन २५ पट, आणि रात्री वटवाघळांची ये-जा तिप्पट. कापणी शायर जातीच्या दांडग्या घोड्यांकडून करवली, ती बघायला गर्दी झाली. वाळलेलं गवत तिथे सोडलं नाही, उचलून नेलं. सुलभाताई म्हणतात तेच, कापून तिथेच टाकलं तर ते कुजून जमीन सुपीक होते आणि दांडगट गवत फुलांना दाबतं.

इथे गवताला आवरायला एक गंमतशीर वनस्पती पेरतात, यलो रॅटल. ती गवताच्या मुळांतून रस शोषते, गवत अशक्त होतं आणि फुलांना जागा मिळते. तशी युक्ती भारतात उचलू नये, आपल्याकडची आणि इथली नाती वेगळी आहेत. पण उचलावी अशी एक गोष्ट आहे. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाचं वेकहर्स्ट इथे केंद्र आहे, मिलेनियम सीड बँक तिथेच, २००० सालापासूनची. तिथे देशी कुरणांचं बियाणं वाढवून कुरणं वसवणाऱ्यांना पुरवण्याचं काम चालतं. वनस्पती उद्यानाचा खरा उपयोग तिथे कळतो. स्वतःचा एक एकर तर राखायचाच, पण त्या एकरातून दर वर्षी ओळख पटलेलं बी बाहेर द्यायचं.

अनघा_प

हे बियाण्याचं फार पटलं. ऑनलाइन ‘वाइल्डफ्लॉवर मिक्स’ म्हणून पाकिटं मिळतात, त्यात काय असतं?

सुलभा_के

अनघा, बहुतेक वेळा कॉसमॉस, झिनिया, कॅलिफोर्निया पॉपी असलं काहीतरी. ते कृपया टेकडीजवळ कोणी पेरू नये. नारिंगी कॉसमॉस मूळचा मेक्सिकोचा. आता पुण्याच्या टेकड्यांवर, घाटरस्त्यांच्या कडेला पसरलेला दिसतो, लोक त्याचे फोटो काढून ‘आपली रानफुलं’ म्हणून टाकतात. दिसतो सुंदर यात शंका नाही. पण जिथे तो दाटला तिथे तेरडा आणि कवला मागे सरतात. उद्यानाने हा फरक शिकवायचा असतो. उद्यानच पाकिटातला कॉसमॉस पेरून त्याला रानफुलांचं कुरण म्हणू लागलं तर मग बोलायचं कोणी?

रत्नांग्रीकर

थोडं अवांतर, पण येतो वळणावर. आमच्याकडे गौरीला तेरड्याची रोपं लागतात. गौर म्हणून तेरडाच घरात आणतात, तो सड्यावरून उपटून आणायचा. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणतात, आता तेरडा सापडायलाच तीन दिवस लागतील अशी वेळ काही गावांत आली आहे. सडा म्हणजे आमचं जांभ्याचं पठार. पावसात वीतभर मातीच्या खळग्यांत काय काय उगवतं! सीतेची आसवं, गेंद, पहिल्या पावसात येणारी पांढरी दीपकाडी. कातळशिल्पांमुळे आता थोडं लक्ष गेलं आहे सड्यांकडे, एरवी तिथे चिरेखाणी आणि आंब्याच्या बागा.

मुद्दा असा की पुण्याच्या उद्यानात कोकणचा सडा करू नका आणि रत्नागिरीच्या उद्यानात सुप्याचा माळ नको. ज्याचं त्याने राखावं. आणि कास पठाराचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा झाला, त्यात कास आलं. गर्दी लोटली, कुंपण घातलं, गुरं बंद झाली. मग गवत दाट झालं आणि फुलं कमी दिसू लागली अशी ओरड तिथल्या गावकऱ्यांनीच केली. शेवटी कुंपण काढलं. नुसतं राखून भागत नाही, चराई किंवा कापणी वेळेवर लागतेच. शहरात गुरं सोडता येणार नाहीत, तेव्हा विळा आला.

वृक्षमित्र_आबा

सगळं वाचलं. सुपेकरांचा कुरणाचा दंडक मला माहीत नव्हता, फार आवडला. माझं मत थोडं बदललं आहे. लॉनचा तुकडा द्यायला माझी हरकत नाही, झाडांच्या नव्या जागेला हात लागू नये इतकंच. पण आग? फेब्रुवारी ते मे वाळकं गवत उभं राहिलं तर एका विडीने शेजारची शंभर वर्षांची झाडं जातील. आम्ही टेकडीवर वणवे विझवले आहेत, तेव्हा हे पुस्तकातलं बोलत नाही. ऋचाताई, तुमच्याकडे तर मुद्दाम जाळतात म्हणे?

ऋचा_मॅडिसन

हो आबा, जाळतात. १९४०च्या दशकात वनस्पतीशास्त्रज्ञ जॉन कर्टिस (या प्रेअरीला त्यांचंच नाव आहे) आणि इतरांनी इथेच प्रयोग करून दाखवलं की आगीने बाहेरून आलेली गवतं मागे हटतात आणि प्रेअरी तगते. इथल्या मूळ रहिवाशांच्या काळापासून या रानाला आगीची सवय होती आणि बर्फ, पावसामुळे ओलही असते. प्रशिक्षित माणसं, पाण्याच्या टाक्या, वाऱ्याचा अंदाज, सगळं बघून करतात. पुण्यात भर वस्तीत मी ते सुचवणार नाही. तुम्ही म्हणता तसा धोका आहे, म्हणून सुपेकरांच्या गावचीच रीत बरी: दिवाळीनंतर बी पडू द्यायचं आणि डिसेंबर संपायच्या आत कापून वैरण बाहेर काढायची. उन्हाळ्यात पेटायला काही उरलंच नाही पाहिजे.

आमच्या प्रेअरीची एक दुखरी बाजूही सांगते, कारण ती पुण्याला तंतोतंत लागू आहे. शेजारच्या रस्त्यांवरचं आणि वस्तीतलं पावसाचं पाणी वर्षानुवर्षं कर्टिस प्रेअरीत येत राहिलं. सोबत गाळ, मीठ, खतांचा अंश. त्या ओल्या, सुपीक झालेल्या भागात रीड कॅनरी ग्रास नावाचं दांडगट गवत शिरलं आणि बाकीचं सगळं मागे पडलं. अजून त्याच्याशी झगडा चालू आहे. म्हणजे ऐंशी-नव्वद वर्षं सांभाळलेली जागा पाण्याच्या एका वाटेने बिघडते. आपल्याकडे जागा निवडताना नाल्याच्या तोंडाशी, सांडपाण्याच्या उताराला नको. चढावरची, कोरडी हवी.

मृण्मयी_लॅ

मी लँडस्केप आर्किटेक्ट. माळ शास्त्रशुद्ध असून चालत नाही, तो मुद्दाम राखलेला आहे हे बघणाऱ्याला दिसलं पाहिजे. जोन नासाउअर या अमेरिकन लँडस्केप आर्किटेक्टनी १९९५ साली हे फार छान मांडलं होतं: पसरट, अस्ताव्यस्त वाटणाऱ्या निसर्गाभोवती नेटकी चौकट द्या, म्हणजे लोक ते स्वीकारतात. कापलेली स्वच्छ कड, एक वळणदार वाट, बसायला दगडी बाक, एक कमान. आत गवत कसंही वाढू दे. पाकोळी यांनी सांगितलेला बुटका पट्टा सापासाठी होता, तोच पट्टा नजरेसाठीही काम करतो.

आणि पाटी हवीच. पण पाटीवर ‘जैवविविधता क्षेत्र’ असं लिहून लोकांना काही कळत नाही. महिन्याप्रमाणे बदलणारी पाटी करा. जूनमध्ये मृगाचे किडे, श्रावणात कवला, भाद्रपदात तेरडा, कार्तिकात गवताचे तुरे, पौषात ‘कापणी झाली, बी जमिनीत आहे’. वाळलेलं गवत बघून येणारी निम्मी तक्रार तिथेच थांबेल.

पाकोळी

मृण्मयी, पौषातली पाटी फार आवडली. फक्त एक भर: एका वेळी सगळं कापू नका. वाळक्या काड्यांमध्ये कोष, अंडी, कोळ्यांच्या पिशव्या असतात. पण आबांचा आगीचा मुद्दाही खराच. तेव्हा मधोमध, झाडांपासून लांब, चारही बाजूंनी कापलेल्या पट्ट्याने वेगळा केलेला छोटा तुकडा उभा ठेवावा आणि दर वर्षी त्याची जागा बदलावी.

निमिष

आणि कापलेली वैरण? गोशाळा, की उद्यानातल्या कंपोस्टला?

भटक्या_सुपेकर

निमिषराव, वैरण कंपोस्टला घालाल तर आमच्याकडची म्हातारी माणसं घरात घेणार नाहीत तुम्हाला. गोठ्याला द्या. मारवेल, पवन्याची वैरण दुभत्या जनावराला उत्तम. फक्त त्यात गाजरगवत नको, म्हणून आधी निवडणी. बी झडल्यावर कापलं की माळाचंही नुकसान नाही.

ऋचा_मॅडिसन

मूळ प्रश्नाकडे येते. मी डिसेंबरात पुण्यात येते आहे. एका उद्यानाकडे अर्ज द्यायचा विचार पक्का झाला. तुमच्या सगळ्यांच्या लिहिण्यातून मला जे घ्यायचं ते असं: जागा फार मोठी मागायची नाही, चढावरचं, नाल्यापासून दूर, झाडांच्या सावलीबाहेरचं अर्धा एकर लॉन. पहिल्या उन्हाळ्यात लॉन आणि वरची माती काढायची. पहिल्या पावसाळ्यात मारवेल आणि शेड्याचे ठोंब लावायचे, आणि फुलांचं बी फक्त पुणे जिल्ह्यातलं, माळावरून थोडंथोडं आणि परवानगीने गोळा केलेलं. पहिली दोन वर्षं फार काही दिसणार नाही हे अर्जातच सांगायचं, नाहीतर पहिल्याच गणपतीत लोक विचारतील की फुलं कुठे आहेत.

सुलभाताई, रोपांची ओळख पटवायला तुम्ही याल का? आणि आधी आहे ते मोजून ठेवायला हवं, लॉनवर आत्ता कोणते कीटक, कोणती फुलपाखरं. नाहीतर नंतर फरक दाखवणार कशाने?

सुलभा_के

येईन, नक्की येईन. प्रत्येक जातीचा एक वाळवलेला नमुना करून ठेवू, कोणत्या माळावरून आणली त्या नोंदीसह. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र १९५५ पासून आहे, तिथला संग्रह ताडून बघायला उपयोगी पडेल. मोजणीचं पाकोळीने बघावं.

पाकोळी

हो. आत्ताच्या लॉनची मोजणी येत्या पावसाळ्यातच झाली पाहिजे, काम सुरू व्हायच्या आधी. त्याच पद्धतीने, त्याच वेळेला, दर वर्षी. शेजारचं लॉन तुलनेला तसंच राहू द्या. केंब्रिजकरांनी सांगितलेले आकडे पटतात ते त्यांनी लॉनही सोबत मोजलं म्हणून.

शलाका

मी आणि मुलगी मोजणीला येऊ. बूट घालून.

हिरवळवाला

अर्जासोबत कंत्राटाचं कलमही लिहून द्या, नाहीतर अर्ज मंजूर होईल आणि कटर चालूच राहील. मी मसुदा टाकतो, सुधारा:

“सोबतच्या नकाशात दाखवलेल्या क्षेत्रात १ जून ते कार्तिकी पौर्णिमा या काळात यंत्राने किंवा हाताने गवत कापू नये. या काळात फक्त गाजरगवत, घाणेरी, कॉसमॉस व उद्यान अधिकाऱ्यांनी लेखी कळवलेल्या परक्या जाती मुळासकट उपटाव्यात. वाटेलगतचा एक मीटर पट्टा दर पंधरवड्याला कापावा. कापणी डिसेंबरअखेर विळ्याने पूर्ण करून वैरण क्षेत्राबाहेर न्यावी. मोबदला राखणीच्या दिवसांवर द्यावा.”

कार्तिकी पौर्णिमेऐवजी इंग्रजी तारीख टाकावी लागेल, बिल काढणाऱ्याला तिथी चालत नाही.

भटक्या_सुपेकर

३० नोव्हेंबर टाका. पाऊस लांबला तर बी उशिरा पडतं. आणि ‘विळ्याने’ हा शब्द काढू देऊ नका, यंत्र जमिनीलगत कापतं आणि ठोंब मरतात. चार बोटं बुडखा राहिला पाहिजे.